जमिनीतून वर आलेला खांब

जमिनीत रोवलेला खांब कालांतराने थोडाफार खचतो, कलतो किंवा गंजून मोडतो. परंतु तो कधी वर येत नाही. इंग्लंडच्या पूर्व भागात मात्र ओतीव लोखंडाचा एक खांब असा आहे, की तो जमिनीतून उगवून वर आला असावा असे पाहणाऱ्यास वाटते. १८५१ साली तो रोवला, तेव्हा त्याचा माथा जमिनीच्या पृष्ठभागाशी अगदी समतल होता. आज तोच माथा जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचीवर आहे. दोन माणसे एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली, तरी वरच्याचा हात जेमतेम तेथे पोहोचेल. खांब आपल्या जागेवरून तसूभरही हललेला नाही. त्याच्या भोवतालची जमीन मात्र खाली गेली आहे.

हा खांब ज्या ठिकाणी आहे, त्याचे नाव होल्म फेन. केंब्रिजशायर परगण्यात, पीटरबरो शहराच्या दक्षिणेस हे छोटेसे राखीव निसर्गक्षेत्र आहे. त्याचा विस्तार अवघा २६६ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेसहाशे एकर. त्याचा बहुतेक भाग बर्च वृक्षांच्या वनाने व्यापला आहे. ज्या झाडाच्या सालीवर, म्हणजे भूर्जपत्रावर, प्राचीन भारतात ग्रंथ लिहीत असत, त्या हिमालयातील भूर्ज वृक्षाचेच हे भावंड होय. वनाच्या मधून मधून सुमारे पाच हेक्टर रुक्ष गवताळ व झुडपी माळ आहे, आणि एका कोपऱ्यात जेमतेम एक हेक्टर जुनी दलदल उरली आहे. एक हेक्टर म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेच्या क्रीडांगणाएवढी जागा. एवढ्याशा ओल्या जमिनीसाठी लोकांनी इतकी काळजी का घ्यावी, याचे उत्तर त्या लोखंडी खांबाच्या कथेत आहे.

इंग्लंडच्या या सखल प्रदेशास ‘फेन’ म्हणजे पाणथळ असे नाव आहे. पूर्वी येथे कोसच्या कोस लव्हाळी, बोरूची बेटे आणि उथळ पाणी यांचे राज्य होते. होल्मजवळ व्हिटल्सी मिअर नावाचे एक विस्तीर्ण तळे होते. दक्षिण इंग्लंडमध्ये त्याच्याएवढे दुसरे तळे नव्हते. पावसाळी दिवसांत ते पसरे, उन्हाळ्यात आकसे. भोवतालच्या गावांतील लोक त्यात वाम व इतर मासे धरीत, रानबदकांची शिकार करीत आणि घरे शाकारण्यासाठी बोरू कापून नेत. हिवाळ्यात तळे गोठले म्हणजे त्याच्या काचेसारख्या पाठीवर तरुण मंडळी घसरण्याच्या शर्यती लावीत. जमिनीतील काळसर माती ते कुदळीने कापीत, गोवऱ्यांप्रमाणे वाळवीत आणि चुलीत जाळीत. या मातीला ‘पीट’ असे म्हणतात.

माती जळते, हे ऐकून नवल वाटेल. परंतु पीट ही खरी माती नव्हेच. ती आहे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची रास. कोरड्या रानात झाडाचे पान गळून पडले, की हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने सूक्ष्म जीव ते कुजवितात आणि थोड्याच काळात त्याचे नाव उरत नाही. दलदलीत असे घडत नाही. तेथे मेलेली वनस्पती पाण्यात बुडून राहते. पाण्याखाली प्राणवायू फारसा पोहोचत नाही, म्हणून कुजण्याचे काम अर्ध्यावरच थांबते. एका थरावर दुसरा थर साचत जातो.

या कामी सर्वांत मोठा वाटा आहे तो स्फॅग्नम नावाच्या एका इवल्याशा, शेवाळासारख्या वनस्पतीचा. तिला खरी मुळे नाहीत. वर ती हिरवी असते, खाली मरत जाते आणि मेलेल्या भागावरच वाढत राहते. तिच्या पानांत पोकळ पेशी असतात. त्यांत ती आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटींपर्यंत पाणी धरून ठेवू शकते. तिच्यामुळे भोवतालचे पाणीही आंबट बनते आणि त्यात कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांचे फारसे चालत नाही. अशी दलदल हळूहळू फुगत जाते आणि तिचा मध्यभाग काठापेक्षा उंच होतो. नदीनाल्यांचे पाणी त्या उंचीवर चढत नाही. केवळ पावसाच्या पाण्यावरच ती जगते. होल्म फेनमधील उरलेली एक हेक्टर दलदल याच प्रकारची आहे. ब्रिटनच्या आग्नेय दिशेला इतक्या दूरवर या जातीची दुसरी दलदल नाही.

पीटचा थर वर्षाला सरासरी सुमारे एक मिलिमीटर वाढतो. एका माणसाच्या आयुष्यात तो वीतभरही होत नाही. एक मीटर थर साचण्यास हजार वर्षे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास होल्म येथे पीटची जाडी २२ फूट, म्हणजे सुमारे पावणेसात मीटर होती. तेवढी रास घालण्यास निसर्गाला किती सहस्र वर्षे लागली असतील, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

त्या काळी मात्र या जमिनीकडे लोक निराळ्या दृष्टीने पाहत होते. पाणथळ प्रदेशात हिवतापाचा उपद्रव असे. देशाची लोकसंख्या वाढत होती आणि धान्याची गरज मोठी होती. तळे आटविले तर त्याच्या तळाशी सुपीक शेते होतील, असा विचार होल्मचे जमीनदार विल्यम वेल्स व त्यांचे सहकारी यांनी केला. तो विचार काही दुष्टपणाचा नव्हता. भुकेल्यास अन्न मिळावे आणि रोगट हवा जावी, असे कोणास वाटणार नाही?

चर खोदले गेले, बांध घातले गेले. १८५१ साली लंडनमध्ये जगातील कलाकौशल्याचे महाप्रदर्शन भरले होते. तेथे वाफेच्या यंत्राने चालणारा नव्या धर्तीचा एक पंप फार गाजला. तशाच पंपाने व्हिटल्सी मिअरचे पाणी उपसण्यास आरंभ झाला. पाणी ओसरू लागले तसे मासे चिखलात तडफडू लागले. तळाच्या गाळात जुन्या मठातील चांदीचे धूपपात्र सापडले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. कधी काळी होड्यांतून वाहून नेताना बुडालेले इमारतीचे घडीव दगडही तेथे उघडे पडले. १८५२ च्या हिवाळ्यात पुराने बांध फुटला आणि तळे पुन्हा भरले. परंतु लोक खचले नाहीत. बांध दुरुस्त करून त्यांनी पाणी पुन्हा उपसले. जेथे होड्या चालत होत्या, तेथे थोड्याच वर्षांत गव्हाची शेते डोलू लागली.

पाणी काढून घेतल्यावर पीटची जमीन खाली बसते, हे वेल्स यांना ठाऊक होते. किती बसेल, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. ते मोजण्यासाठी त्यांनी एक युक्ती योजली. प्रथम १८४८ साली एक ओकचा वासा पीटमधून खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत ठोकून त्याचा माथा जमिनीबरोबर कापला. पुढे १८५१ साली त्याच्या जागी ओतीव लोखंडाचा खांब उभा केला. हा खांब महाप्रदर्शनाच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस या इमारतीच्या खांबांपैकी एक होता, असे सांगतात. त्याचा पाया अढळ चिकणमातीत होता. पीट हलले तरी तो हलणार नव्हता. तो खांब म्हणजे जमिनीत उभी केलेली एक मोजपट्टीच होती.

मोजपट्टीने लवकरच आपले काम दाखविले. १८६० साली, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, खांबाचा सुमारे दीड मीटर भाग उघडा पडला. १८९२ पर्यंत तो सुमारे तीन मीटर बाहेर आला. पुढे खचण्याचा वेग मंदावला, पण खचणे थांबले नाही. १९५७ साली खांबास पोलादी ताण देऊन आधार द्यावा लागला आणि जवळच दुसरा एक खांब उभारण्यात आला. आज ही जमीन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पावणेतीन मीटर खाली आहे. संपूर्ण ग्रेट ब्रिटनमध्ये याहून सखल जमीन नाही.

एवढी जमीन गेली कोठे? आरंभी पीटमधील पाणी निघून गेले आणि पिळलेल्या स्पंजाप्रमाणे पीट दबले. हा खचण्याचा पहिला आणि वेगवान टप्पा होय. पुढे जे घडले ते अधिक गंभीर होते. पाण्याचे आवरण गेल्यामुळे पीटला हवा लागली. हजारो वर्षे अर्ध्यावर थांबलेले कुजण्याचे काम पुन्हा सुरू झाले. पीटमधील कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू बनू लागला आणि आकाशात मिसळू लागला. नांगरलेल्या शेतांतील कोरडे, हलके पीट वसंत ऋतूतील सोसाट्याच्या वाऱ्याने उडूनही गेले. अशा रीतीने जमीन अक्षरशः हवेत विरून गेली.

यातून शेतकऱ्यांपुढे एक विचित्र संकट उभे राहिले. जमीन खचली की चर उथळ ठरतात आणि शेतात पाणी साचते. मग चर अधिक खोल खणावे लागतात आणि पंप अधिक जोराने चालवावे लागतात. पाणी अधिक खोल गेले की पीटचा आणखी एक थर उघडा पडतो आणि जमीन आणखी खचते. आज या प्रदेशात कित्येक नद्या बांधांच्या आधाराने शेतांपेक्षा उंचावरून वाहतात, आणि शेतातील पाणी वर उचलून नदीत टाकावे लागते. ज्या मातीने भरघोस पीक दिले, ती मातीच पिकाबरोबर संपत चालली आहे.

माणसांप्रमाणे इतर जीवांचेही यात नुकसान झाले. या पाणथळीत ‘लार्ज कॉपर’ नावाचे, तांब्यासारख्या झळझळीत पंखांचे फुलपाखरू राहत असे. त्याच्या अळ्या पाण्याकाठी उगवणाऱ्या एका वनस्पतीची पाने खात. महाराष्ट्रात भाजीसाठी लावतात त्या चुक्याच्याच कुळातील ही वनस्पती होय. दलदल आटली आणि १८५१ च्या सुमारास हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसे झाले. पुढे १९२७ साली नेदरलँड्समधील त्याच्या जवळच्या जातीची फुलपाखरे आणून शेजारच्या वुडवॉल्टन फेन या क्षेत्रात सोडली. त्यांची निगा वर्षानुवर्षे राखली. तथापि ती स्वतःच्या बळावर तेथे टिकू शकली नाहीत. गेलेली गोष्ट परत आणणे हे असलेली गोष्ट राखण्याहून किती कठीण असते, याचे हे उदाहरण आहे.

वुडवॉल्टन फेन वाचले ते चार्ल्स रॉथ्शील्ड या निसर्गप्रेमी गृहस्थांमुळे. ते व्यवसायाने पेढीवाले, पण छंदाने कीटकशास्त्रज्ञ होते. पिसवांचा त्यांनी विशेष अभ्यास केला होता. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ सुरू झाली. अशी साथ उंदरांवरील ज्या जातीच्या पिसवांमुळे मुख्यतः पसरते, त्या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रथम १९०३ साली रॉथ्शील्ड यांनीच केले. १९१० साली त्यांनी वुडवॉल्टनची पाणथळ जमीन विकत घेतली. एखादा सुंदर पक्षी किंवा दुर्मिळ फूल वाचवायचे असेल, तर त्याचे घरच वाचविले पाहिजे, असे त्यांचे मत होते. १९१२ साली त्यांनी या कामासाठी एक संस्था स्थापन केली. १९१५ साली त्या संस्थेने जतन करण्यायोग्य अशा २८४ स्थळांची यादी सरकारपुढे ठेवली. त्या वेळी अनेकांना हा एका श्रीमंत माणसाचा छंद वाटला असेल. परंतु ब्रिटनमधील निसर्गरक्षणाच्या कार्याचा पाया त्यातूनच घातला गेला.

होल्म फेनची काही जमीन पिकासाठी चांगली ठरली नाही. ती पडीक राहिली आणि तिच्यावर वाऱ्याने बर्चचे बी येऊन पडले. पाहता पाहता पांढऱ्या सालीच्या झाडांचे दाट वन उभे राहिले. ब्रिटनच्या सखल प्रदेशातील या जातीचे सर्वांत मोठे वन म्हणून ते आज प्रसिद्ध आहे. शरद ऋतूत त्याच्या सावलीत शेकडो जातींची अळंबी उगवते. विसाव्या शतकाच्या मध्यास या जागेला राष्ट्रीय राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. राखीव क्षेत्र म्हणजे कुंपण घालून स्वस्थ बसावयाचे, असा पुष्कळांचा समज असतो. दलदल आणि रुक्ष माळ यांच्या बाबतीत हा समज खोटा ठरतो. दलदलीचे जीवन पाण्यावर आहे. भोवतालच्या शेतांचे चर तिचे पाणी सतत ओढून घेत असतात. म्हणून चरांवर दारे बसवून पाणी अडवावे लागते. माळाची गरज याच्या उलट असते. त्याला निकृष्ट, कोरडी जमीन आणि मोकळे ऊन लागते. तेथील गवत चरले किंवा कापले गेले नाही, तर त्यात झुडपे माजतात आणि उन्हाची हौस असणारी लहान फुले व कीटक नाहीसे होतात. एकाला ओल हवी, दुसऱ्याला कोरडेपणा. परंतु दोघांचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे बर्चचे रोप. माळावर ते सावली करते, आणि दलदलीत आपल्या मुळांनी पाणी शोषून घेते. म्हणून ज्या क्षेत्रात बर्चचे वन जतन केले जाते, त्याच क्षेत्रात काही ठिकाणी बर्चची झाडे मुद्दाम तोडावी लागतात. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु कोणते झाड कोठे असावे, हे जाणणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

लहानशा क्षेत्राची आणखी एक अडचण असते. भोवताली सर्वत्र जमीन कोरडी होत असता मध्येच एक तुकडा ओला ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी साठविण्यासारखे आहे. वुडवॉल्टनची जमीन भोवतालच्या खचलेल्या शेतांपेक्षा उंच राहिली, आणि तिच्यातील पाणी झिरपून जाऊ नये म्हणून कडेने चिकणमातीचा बांध घालावा लागला. यावर उपाय म्हणून २००१ साली ‘ग्रेट फेन’ नावाची योजना हाती घेण्यात आली. होल्म आणि वुडवॉल्टन ही दोन क्षेत्रे जोडून सुमारे ३,७०० हेक्टर जमिनीवर पुन्हा पाणथळ प्रदेश निर्माण करणे, हा तिचा हेतू आहे. त्यासाठी मधली शेते विकत घेतली जात आहेत आणि त्यांतील पाण्याची पातळी हळूहळू वाढविली जात आहे. शेती अजिबात सोडून द्यावी असेही नाही. ओल्या जमिनीतच वाढणारी पिके काढून पाहण्याचे प्रयोग २०१९ साली तेथे सुरू झाले, आणि त्या पिकांत स्फॅग्नमचाही समावेश आहे. एके काळी निरुपयोगी म्हणून घालवून दिलेली वनस्पती आता शेतात लावली जात आहे.

या प्रयत्नांचे महत्त्व एका परगण्यापुरते नाही. पृथ्वीवरील एकूण जमिनीपैकी पीटची जमीन केवळ ३ टक्के आहे. परंतु जगातील सर्व अरण्यांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन तिच्यात साठलेला आहे. ती ओली राहिली तर तो साठा जमिनीतच राहतो. ती वाळली तर तो हवेत जातो आणि पृथ्वीची उष्णता वाढण्यास कारण होतो. म्हणून होल्मचा खांब केवळ एका गावाची जमीन मोजीत नाही. माणसाने निसर्गाच्या ठेवीतून किती खर्च केला, याचीच ती नोंद आहे.

जो चार मीटरांचा थर निघून गेला, तो परत येण्यास कित्येक सहस्र वर्षे लागतील. कोणत्याही योजनेने तो दहा-वीस वर्षांत भरून निघणार नाही. तरीही जेथे पाणी पुन्हा टिकले, तेथे जमिनीचे विरून जाणे मंदावते. तेथे स्फॅग्नम पुन्हा रुजली, तर तिची इवलीशी पाने पावसाचे थेंब धरून ठेवू लागतात, आणि वर्षाकाठी एका मिलिमीटरचा का होईना, नवा थर पडू लागतो.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) होल्म येथील खांब १८५१ साली कोणत्या हेतूने रोवला गेला?
(आ) दलदलीत मेलेल्या वनस्पती पूर्ण का कुजत नाहीत?
(इ) लार्ज कॉपर फुलपाखरू ब्रिटनमधून का नाहीसे झाले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चर अधिक खोल खणल्याने शेतकऱ्यांचे संकट कसे वाढत गेले?
(आ) दलदल आणि रुक्ष माळ यांच्या गरजा भिन्न असूनही दोघांचा शत्रू एकच कसा?

३. कारणे द्या.
(अ) तळे आटविणाऱ्या लोकांना दुष्ट म्हणता येत नाही.
(आ) राखीव क्षेत्रातही कधी कधी झाडे तोडावी लागतात.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
तसूभरही न हलणे. चाळणीत पाणी साठविणे. नाव न उरणे. हवेत विरून जाणे.

५. तुमच्या गावाजवळील एखादे तळे, माळ किंवा पाणथळ जागा पाहून या. ती जागा पूर्वी कशी होती, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी लिहा.